बंधपत्राचे एक वर्ष गावात, पुढे शहरात दवाखाना: दोन्हीकडचे काम खरोखर किती वेगळे?

घाटमाथा यांचा प्रश्न

नमस्कार. माझी इंटर्नशिप यंदा पूर्ण झाली. शासकीय महाविद्यालयात शिकल्यामुळे आता बंधपत्राची एक वर्षाची सेवा करावयाची आहे. ती टाळायची तर १० लाख रुपये भरावे लागतात. तेवढी रक्कम आमच्या घरात कोणी एकत्र पाहिलेली नाही, आणि खरे सांगायचे तर सेवा टाळावी असे मला वाटतही नाही. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्यात एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर नेमणूक होईल असे दिसते. त्यानंतर पिंपरी-चिंचवड भागातील मामांचा दवाखाना मी सांभाळावा, असे घरात जवळजवळ ठरलेले आहे.

अडचण अशी की मला दोन विरुद्ध सल्ले मिळत आहेत. माझ्यापुढच्या तुकडीतील एक जण म्हणतो की आरोग्य केंद्रात एका वर्षात जे शिकायला मिळते ते शहरात दहा वर्षांतही मिळत नाही. मामांचे म्हणणे याच्या उलट आहे: गावातील डॉक्टरकी गावातच राहते, शहरातील रुग्ण वेगळा, त्याच्या अपेक्षा वेगळ्या, त्यामुळे पहिले सहा महिने ते सगळे विसरण्यातच जातात.

पगार, बदल्या, राहण्याची सोय हे विषय येथे पूर्वी पुष्कळ चर्चिले गेले आहेत, म्हणून ते बाजूला ठेवावेत अशी विनंती. समोर रुग्ण बसलेला असताना डॉक्टरचा विचार दोन्ही ठिकाणी नेमका कुठे वेगळ्या वाटेने जातो, आणि एकीकडे शिकलेले दुसरीकडे कितपत उपयोगी पडते, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे.

---

निवृत्त एमओ यांचे उत्तर

मी वैद्यकीय अधिकारी (एमओ) म्हणून कोकणातील तीन आरोग्य केंद्रांवर मिळून २४ वर्षे काढली आणि निवृत्तीनंतर चार वर्षे मुलीकडे ठाण्यात एका धर्मादाय दवाखान्यात बसलो, त्यामुळे दोन्हींची चव थोडीफार ठाऊक आहे.

गावातले रोग वेगळे आणि शहरातले वेगळे, हे उत्तर आता पूर्वीइतके खरे राहिलेले नाही. मधुमेह आणि रक्तदाब गावात कधीच पोहोचले. माझ्या शेवटच्या केंद्रात सकाळच्या ओपीडीतील मोठा भाग त्यांचाच असे. खरा फरक मला जाणवला तो शंकेच्या बाबतीत. शहरात डॉक्टरला शंका आली की ती कागदावर लिहून प्रयोगशाळेकडे किंवा तज्ज्ञाकडे पाठवता येते आणि संध्याकाळपर्यंत तिचे उत्तर येते. गावात ती शंका रात्रभर तुमच्याच उशाशी बसून राहते, आणि तिला घेऊनच तुम्हाला निर्णय करावा लागतो.

एक उदाहरण देतो. पावसाळ्याचे दिवस, पहाटेचे चार वाजलेले, पंचवीस-सव्वीस वर्षांचा तरुण पोटात कळ येते आणि उलटी होते म्हणून आला. रात्री जेवण व्यवस्थित झालेले, ताप नाही, पोट दाबून पाहिले तर मऊ. शहरात अशा रुग्णाला कोणीही पित्ताचे इंजेक्शन देऊन सकाळी सोनोग्राफी करायला सांगेल, आणि दहापैकी नऊ वेळा ते बरोबरच ठरेल. आमच्याकडे मात्र पहिला प्रश्न असतो तो म्हणजे रात्री झोपला कुठे होतास. हा मुलगा पडवीत जमिनीवर झोपला होता. मण्यार रात्री झोपेत चावते, दंशाची खूण अनेकदा सापडत नाही, सूज येत नाही, आणि पोटदुखी हे तिच्या विषाचे पहिले लक्षण असू शकते. त्याला वर बघायला सांगितले तेव्हा पापण्या अर्ध्यावरच थांबल्या. एका श्वासात आकडे मोजायला लावले तर बारापर्यंत कसाबसा गेला. दहा मिनिटांनी पुन्हा मोजायला लावले तेव्हा आठावर थांबला, म्हणजे विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडू लागले होते. तेथे दुसरी कोणतीही तपासणी नव्हती आणि तिची गरजही नव्हती.

पुढचा निर्णय त्याहून अवघड असतो. सर्पविषरोधक लस येथेच सुरू करायची की गाडीत घालून जिल्ह्याच्या गावी पाठवायचे? नवा डॉक्टर लसीच्या प्रतिक्रियेला घाबरून पाठवून देतो आणि दोन तासांच्या घाटात रुग्णाचा श्वास थांबतो. प्रतिक्रिया आलीच तर म्हणून अॅड्रेनॅलीन सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवायचे, सलाईनमधून लसीच्या दहा कुप्या सुरू करायच्या, १०८ बोलवायची आणि अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) घेऊन कोणीतरी जाणते माणूस सोबत द्यायचे, हा क्रम आहे. मूल असले तरी लसीचा डोस मोठ्या माणसाइतकाच असतो, कारण साप माणसाचे वय पाहून विष कमी सोडत नाही. फुरसे किंवा घोणस यांची शंका असेल तर कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलीटर रक्त घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग तिरपे करून पाहायचे. गोठले नाही तर विष रक्तात आहे. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकच्या नळीत ही परीक्षा फसते. कित्येक केंद्रांत तीच नेमकी सापडत नाही, म्हणून मी दोन नळ्या माझ्या टेबलाच्या खणात ठेवत असे.

विंचवाबद्दल तर आपल्या महाराष्ट्राने जगाला शिकवले आहे. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात मुले हृदय निकामी होऊन जात असत. महाडला काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबासाठी वापरल्या जाणाऱ्या प्राझोसीन या साध्या गोळीने ते मृत्यू रोखता येतात हे दाखवले. हाताशी आलेला प्रत्येक रुग्ण ते रात्रभर शेजारी बसून पाहत होते, नोंदी ठेवत होते. मोठ्या रुग्णालयात असा रुग्ण आलाही असता, पण तो इतक्या लवकर आणि इतक्या संख्येने आला नसता.

दुसरा फरक मला फार उशिरा कळला. गणिताच्या भाषेत सांगायचे तर शहरातील डॉक्टरकडे फक्त अंश असतो, छेद नसतो. त्याच्या दारात आलेले ४० रुग्ण त्याला दिसतात. न आलेले किती, हे त्याला कधीच कळत नाही. आरोग्य केंद्राला मात्र लोकसंख्या नेमून दिलेली असते: मैदानी भागात साधारण ३०,०००, डोंगराळ आणि आदिवासी भागात २०,०००, आणि त्याखाली पाच किंवा तीन हजारांमागे एक उपकेंद्र. म्हणून किती गरोदर माता नोंदल्या गेल्या, त्यांपैकी कोणाचे हिमोग्लोबिन सातच्या खाली आहे, कोणत्या वाडीतील मुलांचा गोवराचा डोस राहिला, हे तुम्हाला विचारले जाते आणि तुम्हाला सांगता आले पाहिजे. दवाखान्यात न आलेल्या माणसाचीही जबाबदारी आपली, ही सवय एकदा लागली की ती सुटत नाही. वेल्समध्ये कोळसा खाणींच्या एका खेड्यात ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाच्या डॉक्टरांनी १९६८ च्या सुमारास आपल्या यादीतील सगळ्या प्रौढांचा रक्तदाब मोजायचे ठरवले, तो विचार हाच होता. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातीलच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला लावली, तेव्हाही आधी गावागावातील प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजला गेला होता. मोजल्याशिवाय बाळे किती दगावतात हेच कोणाला माहीत नव्हते.

बाकी शवविच्छेदन, न्यायालयाचे समन्स, विहिरीत पाणी शुद्ध करणारी टीसीएल पावडर पडली की नाही हे पाहणे आणि आठवड्याच्या बैठका हे तुमच्या वाट्याला येणारच. त्यातील शवविच्छेदन सोडले तर शहरात काहीही उपयोगी पडणार नाही, आणि तेही पडू नये अशी इच्छा.

---

दोन नंबरची गल्ली यांचे उत्तर

मी डोंबिवलीत १९ वर्षे दवाखाना चालवत आहे. वरील उत्तर मनापासून आवडले, तरी शहरातील डॉक्टर शंका पुढे ढकलून मोकळा होतो, हे वाक्य मला थोडे टोचले. आमच्याकडे शंकेला उत्तर मिळत नाही असे नाही. एकेका शंकेला सात उत्तरे मिळतात आणि त्यातील सहा निरुपयोगी असतात.

परवाचीच गोष्ट. ३४ वर्षांचा, संगणक क्षेत्रात काम करणारा मुलगा कंपनीने दिलेल्या संपूर्ण शरीर तपासणीचे सोळा पानांचे पुस्तक घेऊन आला. त्यातील पाच आकड्यांपुढे तांबड्या खुणा होत्या. त्याला कसलाही त्रास नव्हता, पण त्या खुणा पाहिल्यापासून तीन रात्री झोप लागली नव्हती. त्यातील चार खुणांना काहीही अर्थ नाही आणि पाचवीसाठी रात्रीचे जेवण लवकर व कमी घेणे एवढेच पुरे, हे त्याला पटवायला मला २५ मिनिटे लागली. त्या वेळी बाहेर लोकलने उतरून आलेले अकरा जण बसले होते. गोळी लिहून देणे मला दोन मिनिटांत जमले असते. काही न लिहून देता रुग्णाला समाधानाने घरी पाठवणे हे शहरातील आमच्या कामातील सर्वांत कठीण कसब आहे, आणि ते कोणत्याही अभ्यासक्रमात नाही.

दुसरे काम पिशवीचे. सत्तरी ओलांडलेल्या रुग्णाला मी पहिल्याच भेटीत सांगतो की घरातील सगळी औषधे पिशवीत भरून आणा, आणि ती टेबलावर ओततो. हृदयाचे डॉक्टर एक, मधुमेहाचे दुसरे, गुडघ्याचे तिसरे, झोपेची गोळी शेजाऱ्यांनी सुचवलेली. एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी सकाळ-संध्याकाळ चाललेले असते. क्रिएटिनीन वाढलेले, म्हणजे मूत्रपिंडे थकलेली असताना दोन-दोन वेदनाशामके सापडतात. प्रत्येक तज्ज्ञाने आपापल्या अवयवापुरते बरोबरच केलेले असते. सगळा माणूस पाहण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नसते. फॅमिली डॉक्टरची शहरातील खरी गरज येथे आहे, आणि यासाठी मोठे ज्ञान लागते असे नाही, टेबल रिकामे असावे लागते.

डेंग्यूच्या हंगामात तर प्लेटलेटचा आकडा हाच रोग होऊन बसतो. रुग्ण रोज रक्त तपासून येतो, घरात पपईच्या पानांचा रस चालू असतो, आणि ताप उतरला की सगळे निर्धास्त होतात. धोका नेमका ताप उतरतानाच्या एक-दोन दिवसांत असतो. तेव्हा पोटदुखी, सतत उलटी, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे, आणि प्लेटलेटपेक्षा हिमॅटोक्रिट (रक्त किती घट्ट झाले याचा आकडा) व रक्तदाब यांकडे पाहायचे असते. तुम्ही एक वर्ष आकड्यांशिवाय रुग्ण पाहिलेत तर हे हातांना आपोआप कळेल. मामांशी मी येथे पूर्ण असहमत आहे.

आणखी एक उपयोग सांगतो. लेप्टोस्पायरोसिस हा भातशेतीत राबणाऱ्यांचा रोग म्हणून आम्ही शिकलो होतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर तो मुंबईत घराघरांत दिसला. ज्यांनी कोकणात किंवा तळकोकणाच्या सीमेवर काम केले होते त्यांनी पिंढऱ्या दुखणे आणि डोळे लाल होणे पाहताच डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू केले. आमच्यासारखे मलेरियाच्या अहवालाची वाट पाहत बसले. तेव्हापासून जुलैमध्ये ताप घेऊन आलेल्या प्रत्येकाला मी तुंबलेल्या पाण्यातून चाललात का, हे आधी विचारतो.

छेद आमच्याकडे नसतो, हे मात्र मान्य. माझा रुग्ण परत आला नाही तर तो बरा झाला, दुसऱ्या डॉक्टरकडे गेला की गावी गेला, हे मला कळत नाही. २०१२ पासून क्षयाचा रुग्ण शासनाला कळवणे खाजगी डॉक्टरलाही बंधनकारक आहे, त्यामुळे निदान त्या एका रोगात माझा धागा पुढे कोणाच्या तरी हाती लागतो.

गावाच्या बाजूने न बोलली जाणारी एक गोष्ट मी बोलतो. माझ्या दवाखान्यात अविवाहित मुलगी पाळी चुकली म्हणून येते, ती केवळ येथे तिला कोणी ओळखत नाही म्हणून. गावात तीच मुलगी आरोग्य केंद्राच्या बाकावर बसली की दुपारपर्यंत वाडीभर चर्चा होते. शहर एकटे पाडते हे खरे आहे. ते झाकूनही घेते.

---

घाटमाथा

दोघांचेही आभार. एक शंका आहे. निवृत्त एमओ सरांनी म्हटलेला छेद कागदावर स्पष्ट असला, तरी आमच्या भागातील निम्मी घरे मुंबईला आहेत आणि शिमगा-गणपतीलाच उघडतात. मग त्या २०,००० मध्ये प्रत्यक्षात कोण असतात?

---

रजिस्टर नंबर सहा यांचे उत्तर

मी डॉक्टर नाही. बीड जिल्ह्यात परिचारिका आणि नंतर आरोग्य सहायिका म्हणून ३१ वर्षे नोकरी केली. प्रश्न योग्य आहे, म्हणून लिहिते.

आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यामागे घेतलेली असते. त्यामुळे बाई सात महिन्यांची गरोदर असली तरी तिला मागे राहता येत नाही. ती राहिली तर कोयता मोडतो आणि उचल फिटत नाही. रजिस्टरमध्ये तिचे नाव माझ्याकडे, प्रत्यक्षात ती कोल्हापूर किंवा सांगलीकडे फडावर. तेथील सिस्टरच्या यादीत ती नसते, कारण ती त्या गावची नाही. बाळंतपण पालावर झाले तर तो जन्म दोन्ही रजिस्टरांत येत नाही. मार्चनंतर ती परत येते तेव्हा मूल चार महिन्यांचे असते आणि त्याला एकही लस मिळालेली नसते.

म्हणून छेद हा पंचायतीच्या आकड्यातून मिळत नाही. तो आशाताईच्या तोंडून मिळतो. कोणते घर बंद आहे, कोणाची सून माहेरी आली आहे, वीटभट्टीवर नवी कुटुंबे कुठून आली आहेत, हे तिला माहीत असते. टोळ्या निघण्याच्या आधीच्या पंधरवड्यात आम्ही गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या तीन महिन्यांच्या एकदम देत असू, कार्डाची दुसरी प्रत त्यांच्या पदराला बांधायला लावत असू आणि मुकादमाचा फोन नंबर उतरवून घेत असू. हे कोणत्याही परिपत्रकात नव्हते. आमच्या एका तरुण डॉक्टरांनी ते सुरू केले होते, आणि ते सुद्धा बंधपत्राच्या एका वर्षासाठीच आले होते.

नव्या डॉक्टरांची दुसरी अडचण भाषेची होते, जरी सगळे मराठीच बोलत असले तरी. बाई सगळ्यांसमोर फक्त कंबर दुखते म्हणते. अंगावरून जाते हे ती सिस्टरला दाराआड सांगते. गरगरते म्हणजे चक्कर असेल, अशक्तपणा असेल, किंवा घरात मार खाल्लेला असेल. शहरातून आलेले डॉक्टर कंबरेची गोळी लिहून पुढचा कागद ओढतात. सिस्टर मागे उभी राहून डोळ्यांनी काही सांगत असेल तर ते पाहावे, एवढेच माझे म्हणणे आहे. गर्भपिशवी काढून टाकायला निघालेल्या कितीतरी बाया मी पाहिल्या. त्यांतील पुष्कळ जणींना साधा संसर्ग होता आणि तो सात-आठ दिवसांच्या औषधांनी बरा झाला असता. २०१९ मध्ये शासनाने चौकशी समिती नेमली तेव्हा हा विषय वर्तमानपत्रांत आला. आमच्या कानांवर तो कितीतरी वर्षे आधीपासून होता.

---

निवृत्त एमओ

सिस्टरांनी माझे वाक्य दुरुस्त केले, ते मला मान्य आहे. माझ्या केंद्रातही गणपतीत लोकसंख्या दुप्पट व्हायची आणि त्या दहा दिवसांत मुंबईहून आलेल्यांचे रक्तदाब, साखर आणि छातीत दुखणे आम्हीच पाहायचो. त्यांच्या गोळ्या संपलेल्या असत आणि नावे त्यांना आठवत नसत, फक्त रंग आठवत. तेव्हा डोंबिवलीच्या डॉक्टरांची पिशवी आमच्या बाकावरही येतेच.

घाटमाथा, तुमच्या मूळ प्रश्नातील शेवटच्या भागाला उत्तर म्हणून एक करा. नेमणुकीच्या पहिल्या आठवड्यात खुर्चीवर फार बसू नका. दोन दिवस आशाताईंबरोबर वाड्यांवर चाला आणि त्यांनाच बोलू द्या. एक दुपार साठ्याच्या खोलीत घालवा: सर्पविषरोधक लसीच्या कुप्या किती आणि त्यांची मुदत कधी संपते, अॅड्रेनॅलीन कोठे आहे, गरोदरपणातील झटक्यांसाठीचे मॅग्नेशियम सल्फेट आहे का, अंबू बॅगचा लहान मुलांचा मास्क आहे का, हे स्वतः हात लावून पाहा. ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला असतो, पण तो उघडायची किल्ली बहुतेक ठिकाणी शिपायाच्या घरी असते. ती सुतळीने सिलिंडरलाच बांधून टाका.